घरात लग्न, खणात कादंबरी

लग्नाची तारीख ठरली की ती दोन्ही घरांतल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे मिळून ती पाळायला लावतात. कादंबरीची तारीख फक्त लिहिणाऱ्याच्या मनात असते; तीही ‘दिवाळीपर्यंत बघू’ एवढीच. दोन्ही एकाच वर्षात आल्या तर कोण मागे सरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ज्यांच्या घरात यंदा कार्य आहे आणि टेबलाच्या खणात अर्धवट कादंबरीही आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लग्न स्वतःचं असेल, लेकीचं असेल, धाकट्या दिराचं असेल. तपशील बदलतील, सांगायचं तेच राहील. लग्नाच्या वर्षात कादंबरी किती पुढे गेली हे मोजत बसू नका. ती हातातून सुटली नाही ना, एवढं बघा; आणि कुठलं काम कुठल्या महिन्यात करायचं याचा क्रम आधी लावून घ्या.

मी उज्जैनची; इथे राहून मराठीत लिहिणं ही काही नवलाची गोष्ट नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकाळाचं मंदिर पुन्हा उभं केलं. पुढे दौलतरावांनी 1810 मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी मराठी घरं इथे राहिलीच. मुक्तिबोधांचं घर त्यातलंच. वडील पोलिसांत, घरात मराठी, गावात हिंदी. थोरले गजानन माधव हिंदीत कवी म्हणून गाजले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. शरच्चंद्रांच्या कादंबरीत्रयीच्या पहिल्या भागाचं नाव इथल्या नदीचंच: ‘क्षिप्रा’. ती आली 1954 मध्ये. दुसरा भाग ‘सरहद्द’ 1962 मध्ये, तिसरा ‘जन हे वोळतु जेथे’ 1969 मध्ये. एका कथेचे तीन भाग आणि मधे पंधरा वर्षं. या काळात ते नागपूरला प्राध्यापकी करत होते, कविता आणि समीक्षाही लिहीत होते. दोन भागांच्या मधे आठ वर्षं गेली म्हणून आज कोणी ‘सरहद्द’ला नावं ठेवत नाही. लग्नाचं एक वर्ष मधे गेलं म्हणून तुमच्याही कादंबरीला कोणी ठेवणार नाही.

पटकन लिहून झालेल्या पुस्तकांच्या गोष्टी मात्र या वर्षात कानाआड टाका. ‘कोसला’ 1963 मध्ये भालचंद्र नेमाड्यांनी सांगवीत बसून थोडक्या दिवसांत लिहून काढली. तेव्हा ते पंचविशीत होते आणि डोक्यावर संसार नव्हता. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुवारी सुरू केली आणि सोमवारी पहाटे संपवली. आमच्या उज्जैनच्या भैरवगढलाही मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे लग्नघरात एकांत मिळत नाही म्हणून कुरकुर केली की ‘जा मग तिकडे’ असा सल्ला इथे हमखास मिळतो. तुरुंगात हलवायाचा फोन येत नाही, हे खरंच आहे.

आधी पंचांग उघडा

लग्न आणि लेखन एकत्र बसवायचं तर पहिली बैठक पंचांगाशी. आपल्याकडे आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने मुहूर्त नसतात. हिवाळ्यात लग्न असेल तर हे चार महिने तुमचे, असं वाटतं. पण त्यात गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळी येतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. खरा हाताला लागणारा काळ दोनच. एक, आषाढाचा शेवट आणि श्रावणाची सुरुवात. पाऊस असतो, बाहेरगावचे पाहुणे येत नाहीत. दुसरा, पितृपंधरवडा. या पंधरवड्यात लग्नाची कुठलीच खरेदी होत नाही. बस्ता नाही, सोनं नाही, हॉलवाल्याला आगाऊ रक्कम नाही. वर्षभरात इतका सलग आणि सगळ्यांनी बिनतक्रार मान्य केलेला मोकळा काळ दुसरा मिळणार नाही. कादंबरीतलं सर्वांत अवघड प्रकरण या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. श्राद्धाचा दिवस सोडला तर तुम्हाला कोणी हाक मारणार नाही.

उज्जैनचं पंचांग पुण्याच्या पंचांगाहून एका बाबतीत वेगळं, आणि त्यातून घोळ होतात. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, मालव्यात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं जुळतं. वद्य पक्षात मात्र इथे पुढच्या महिन्याचं नाव लागलेलं असतं. काळभैरवाची अष्टमी आपल्या पंचांगात कार्तिक वद्यात, इथल्या कॅलेंडरवर मार्गशीर्ष कृष्णात, दिवस एकच. आता पुण्याच्या गुरुजींनी मुहूर्त कळवला ‘मार्गशीर्ष वद्य पंचमी’, आणि सोयरे मालवी असतील, तर ते आपल्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण पंचमी काढून तब्बल महिनाभर आधी मांडव घालायला निघतील. जी खरी तिथी आहे तिला ते पौष कृष्ण पंचमी म्हणतात, आणि पौष ऐकलं की त्यांच्या घरातली वडीलधारी मान हलवतात. म्हणून निरोप, यादी, पत्रिका, सगळीकडे इंग्रजी तारीख आणि वार लिहाच. कादंबरी मालव्यात घडत असेल तर पात्रांच्या तिथ्याही याच नजरेने एकदा तपासून घ्या. ते काम लग्नाच्या धावपळीत करता येण्यासारखं आहे; कसं ते पुढे येतं.

मुहूर्ताची वेळही आधीच बोलून घ्या. आपली लग्नं दिवसा किंवा गोरज मुहूर्तावर. इकडे वरात रात्री येते आणि फेरे मध्यरात्रीनंतरही होतात. मिश्र सोयरिकीत याच्यावर जितका खल होतो तितका हुंड्यावरही झाला नसेल. एकदा बसून ठरवलं की संपतं. लांबवलं की दर आठवड्याला कोणी तरी नवा तोडगा घेऊन येतं आणि तुमची एक सकाळ जाते.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वहीत ठळक करून ठेवा. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवस आधी उघडतं. मुंबईची मंडळी बहुधा अवंतिकेने येतात, आणि लग्नसराईत तिची तिकिटं सकाळी उघडताच संपतात. तेव्हा मुहूर्ताआधीचा साठावा-एकसष्टावा दिवस हा लेखनाचा नव्हे, हे आधीच मान्य करा. दुसरी बाब राहण्याच्या जागेची. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोक सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारी आणि श्रावणात उज्जैनमध्ये खोल्या मिळणं मुश्किल झालं आहे. 2028 च्या उन्हाळ्यात सिंहस्थ आहे. त्या दिवसांत इथे लग्न काढायचा विचारही करू नका. सिंहस्थात लग्न करावं की नाही हा वाद घराघरांत आहेच. वाद न मानणाऱ्यांनाही हॉटेलवाला समजावून सांगेल.

कार्तिकी एकादशीला उज्जैनमध्ये कालिदास समारोह सुरू होतो आणि त्याच दिवसांत लग्नांचा मोसमही उघडतो. गावातल्या लिहित्या माणसांची दरवर्षी त्या आठवड्यात जी ओढाताण होते तिच्यावर मला काही उपाय सापडलेला नाही.

भैरवगढचा क्रम

भैरवगढला येणारे बहुतेक लोक काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवून आणि सिद्धवटावर जाऊन परततात. गल्लीत शिरत नाहीत. शिरलात तर बाटिकचे कारखाने दिसतात. कारखाने म्हणजे घराचीच पुढची खोली. इथलं छापकाम ‘भैरूगढ प्रिंट’ म्हणून जुन्या काळापासून नावाजलेलं आहे आणि 2023 मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकनही मिळालं. चुलीवर मेण तापत असतं. कारागीर कलमाने किंवा ब्रशने पांढऱ्या कापडावर मेणाची नक्षी काढतो. जिथे मेण बसलं तिथला पांढरा रंग कायम राहणार. मग कापड पहिल्या, सर्वांत फिक्या रंगात बुडवतात, समजा पिवळ्या. वाळलं की पिवळं राखायचं तिथे पुन्हा मेण, मग लाल. पुन्हा मेण, मग काळा किंवा गडद तपकिरी. रंगाचं पाणी थंडच असावं लागतं, नाही तर मेण सुटतं. शेवटी उकळत्या पाण्यात कापड घातलं की सगळं मेण वर तरंगतं. ते गाळून पुन्हा वापरतात. मेणाला मधेमधे तडे जातात, त्यातून रंग झिरपतो आणि बाटिकची ती ओळखीची जाळी उमटते. यात क्रम उलटा करता येत नाही. काळ्यावर पिवळं चढत नाही.

लग्नाच्या वर्षातलं लेखन याच क्रमाने लावा. कोऱ्या मनाची जी कामं असतात ती आधी, तारीख लांब असताना: नवं प्रकरण, कथानकाला लागणारं वळण, एखाद्या पात्राचं मरण, शेवट काय करायचा याचा निर्णय. ही कामं फिक्या रंगाची. डोक्यात एकदा मानपान शिरला की ती होत नाहीत. लग्न दोन-तीन महिन्यांवर आलं की नवीन लिहिणं थांबवा आणि जे लिहिलं ते टंकित करा, हाताने लिहिणारे असाल तर. मराठीत बोलून टंकणं आता फोनवर बऱ्यापैकी जमतं. अनुस्वार आणि नावं नंतर तपासावी लागतात, पण तेही धावपळीतलंच काम. शेवटच्या महिन्यात फक्त किरकोळ कामं: कुठल्या प्रकरणात कोणाचं वय किती, कोण कुठल्या साली जन्मलं, तिथी-वार जुळतात का, गावातला रस्ता दोन ठिकाणी दोन नावांनी आला आहे का. या कामाला सलग वेळ लागत नाही. ब्यूटी पार्लरच्या बाकावर किंवा शिंप्याकडे थांबलेल्या अर्ध्या तासात ते होतं, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी मनाची तयारी लागत नाही.

जाता जाता: आहेरात भैरवगढची चादर किंवा साडी द्यायची असेल तर मागणी पावसाळ्याआधी नोंदवा. पावसात कापड वाळत नाही आणि काम रेंगाळतं. हाताचं काम असल्यामुळे चाळीस चादरी मागितल्या तर चाळीसही थोड्या थोड्या निराळ्या येतील. ‘तिला उजळ दिली, मला फिकी’ हे ऐकायची तयारी नसेल तर दुसरं काही तरी द्या.

घरच्यांशी बोलणी

‘मला लिहायला वेळ द्या’ असं घरात सांगून काही होत नाही. कोणाला ते ऐकूच येत नाही. नेमकी वेळ आणि त्याबदल्यात नेमकं काम, असं बोला: ‘पहाटे साडेपाच ते सात मी दार लावून बसेन. सातनंतर पाहुण्यांची यादी, पत्रिका आणि रेल्वेची तिकिटं पूर्ण माझी, तुम्ही बघूही नका.’ सासूबाईंना हा व्यवहार बहुतेक वेळा पटतो. पतिराजांना समजायला जरा वेळ लागतो, कारण पत्रिका म्हणजे काय काम असतं हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

कामं निवडताना एक खुबी आहे. ज्यांना शेवट आहे अशी कामं मागून घ्या. यादी संपते, पत्रिका छापून येते, तिकिटं निघतात. साड्या, मानपान, कोणाला कुठल्या खोलीत उतरवायचं, रुसवेफुगवे, यांना शेवट नसतो. ती ज्यांना आवडतात अशी माणसं प्रत्येक घरात एक-दोन असतातच, आणि त्यांच्याकडून ती काढून घेणं हा त्यांचा अपमान ठरतो. त्यांना ती मनापासून करू द्या. केळवणांची गोष्ट वेगळी. केळवण करणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि महिनाभर दर संध्याकाळी कुठे तरी श्रीखंड-पुरी असते. म्हणून संध्याकाळी लिहिण्याची सवय असणाऱ्यांनी ती साखरपुड्यापासूनच पहाटेवर आणावी. एकदम होत नाही, महिना जातो.

लिहिणारं माणूस घरात आहे हे एरवी कोणाच्या ध्यानात नसतं. लग्न ठरलं की एकदम आठवतं. पत्रिकेचा मजकूर तुमचा, रुखवतावरच्या चिठ्ठ्या तुमच्या, उखाणे तुमचे, आणि नवरीच्या आत्याला गाता येत असेल तर मंगलाष्टकंही तुमचीच. कादंबरीचं एक पानही न वाचलेला भाऊ ‘तू काय, बसल्या बसल्या लिहिशील’ असं म्हणतो. सगळं अंगावर घेऊ नका. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात, ओळीला एकोणीस अक्षरं, त्यात दोन्ही घरांतल्या आजी-आजोबांची नावं बसवायची. गंमत वाटते पण एकेका कडव्याला एकेक सकाळ जाते. दोन कडवी स्वतः लिहा, बाकीची नेहमीची गुरुजी म्हणतात ती चालू द्या. रुखवताच्या चिठ्ठ्या भाच्यांना द्या. पत्रिका मात्र स्वतःकडेच ठेवा. शुद्धलेखनाच्या चुका असलेली पत्रिका पाचशे घरांत गेली तर त्रास तुम्हालाच होणार आहे. आणि मजकूर दोघांनीच ठरवा, तुम्ही आणि घरातलं एक वडीलधारं माणूस. तिसरा आला की ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून पुन्हा सुरुवात होते. पहिली पत्रिका कुलदैवताला. उज्जैनमध्ये ती चिंतामण गणेशालाही ठेवण्याची रीत आहे. कुलदैवत जेजुरी-तुळजापूरचं असेल तर तो प्रवास लग्नाआधी की नंतर, हेही पहिल्या बैठकीतच ठरवून टाका.

लेखनाची जागा जाणार हे धरून चला. टेबलावर आधी आमंत्रणांची पाकिटं येतात, मग डबे, मग टेबलच मांडवात जातं. म्हणून हस्तलिखित घरातल्या एका कुलपाच्या खणात ठेवा आणि त्याची किल्ली लग्नाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घालू नका. प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून स्वतःलाच ई-मेल करून ठेवा. टंकित असेल तर एक पेन ड्राइव्ह गावातल्या मैत्रिणीकडे द्या. लग्नघरात कागद हा कागदच असतो. चिरोट्यांखाली अंथरायला हाताशी येईल तो घेतला जातो, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो.

लग्न स्वतःचं असेल तर

मग बोलणी घरच्यांशी नंतर, आधी होणाऱ्या जोडीदाराशी. लिहिता एवढंच सांगू नका. कधी लिहिता, किती वेळ, त्या वेळात बोललेलं चालतं का, लिहिलेलं कोणाला दाखवता आणि कोणाला नाही, हे सांगा. शेवटचा मुद्दा नाजूक आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी जोडीदाराला लिहिलेलं वाचून दाखवावंसं वाटतं आणि त्याने नुसतं ‘छान’ म्हटलं की राग येतो. पहिला खर्डा दाखवायचा नाही असं आधीच ठरवलं तर दोघंही सुखी राहतात.

काशीबाई कानिटकरांचं उदाहरण इथे आठवतं. 1861 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, आणि वाचन-लेखन शिकल्या त्या लग्नानंतर. ‘रंगराव’ ही कादंबरी 1903 मध्ये पुस्तकरूपाने आली, ‘पालखीचा गोंडा’ 1928 मध्ये. शिवाय आनंदीबाई जोशींचं चरित्र, कथा, सगळा संसार. त्यांच्यामागे नवऱ्याचा आग्रह होता आणि हरिभाऊ आपट्यांसारखा लेखक-मित्र होता. म्हणजे लग्नामुळे लेखन थांबतंच असं काही नाही. एकोणिसाव्या शतकातही काही घरांत ते लग्नानंतरच सुरू झालं. पण त्यांच्या दोन कादंबऱ्यांमधली पंचवीस वर्षंही बघायला हवीत.

दुसरं घर बेडेकरांचं. बाळूताई खऱ्यांनी 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने छापलं. पुस्तकावरून इतका गदारोळ झाला की लेखिका कोण याचाच शोध लोक घेत होते. 1938 मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालतीबाई झाल्या. 1939 मध्ये विश्रामरावांची ‘रणांगण’ आली. विभावरी शिरूरकरांची ‘विरलेले स्वप्न’ 1935 ची. पुढची कादंबरी ‘बळी’ 1950 ची. या अंतराचं कारण संसार होता असा निकाल मी देणार नाही. नोकरी होती, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींवरचं काम होतं आणि ‘बळी’ त्यातूनच आली. पण एका घरात दोघं लिहिणारी असली तर कोणाचं पुस्तक कधी पुरं होतं, याकडे दोघांनीही लक्ष ठेवायला हवं. आणखी एक व्यवहाराची गोष्ट यातून घ्या: पुस्तकावर जे नाव लावलंत ते लग्नानंतर बदलू नका. आधार कार्डावर काय करायचं ते करा. विभावरी शिरूरकर हे नाव लग्नाआधीच्या पुस्तकांवरही होतं आणि नंतरच्याही, म्हणून वाचकाला ती सगळी एकाच बाईची म्हणून सापडली.

कादंबरीलाही एक तारीख

लग्नाची तारीख इतर लोक पाळायला लावतात, हे सुरुवातीला म्हटलं. कादंबरीलाही असा एखादा बाहेरचा माणूस लागतो. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यातून क्रमशः आली. दर आठवड्याला अंक निघायचा, तेव्हा मजकूर द्यावाच लागायचा. आज तुम्हाला साप्ताहिक काढायची गरज नाही. एक वाचक ठरवा, शक्यतो लग्नाशी काही संबंध नसलेला आणि दुसऱ्या गावचा. त्याला दर पंधरा दिवसांनी काही तरी पाठवायचं: पूर्ण प्रकरण, नाही तर दोन पानं, तेही नाही तर पुढच्या प्रकरणात काय होणार याच्या पाच ओळी. त्याने मत द्यायचं नाही. ‘मिळालं’ एवढंच कळवायचं. आलं नाही तर फोन करायचा. इतकी साधी व्यवस्था, पण लग्नघरात हाच एक फोन असा असतो की जो मांडवाबद्दल नसतो.

शेवटचे पंधरा-वीस दिवस मात्र कादंबरी बंद करा. अर्धवट उघडी ठेवून रोज ‘आज तरी दोन ओळी’ म्हणत राहिलात तर ना लग्न नीट होतं ना लेखन, आणि दोन्हीकडे अपराधी वाटत राहतं. बंद करताना एक पान लिहा. त्यात तीन गोष्टी: कथा कुठे थांबली, पुढचं वाक्य काय असणार होतं, आणि कुठली शंका अजून सुटलेली नाही. हे पान हस्तलिखिताच्या वर ठेवा. ग्रहमखापासून पाठवणीपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. वाचक-मित्रालाही कळवून टाका की आता अमुक तारखेपर्यंत काही येणार नाही. त्या दिवशी मात्र त्याने फोन करायचा.

ही तारीख लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची ठेवू नका. लग्नानंतर सत्यनारायण असतो, गोंधळ असतो, मांडववाल्याचा आणि हलवायाचा हिशेब असतो, परतलेल्या भांड्यांची मोजदाद असते. मॅरेज गार्डनवाला अनामत परत देताना एका तुटलेल्या खुर्चीवरून जो वेळ घेतो तो धरूनच तारीख ठरवा. लेकीचं लग्न असेल तर घर रिकामं झालेलं असतं आणि पहिले काही दिवस लिहायला बसवत नाही. तेव्हा वाचा, लिहू नका. हस्तलिखित सुरुवातीपासून वाचून काढा. इतक्या दिवसांच्या खंडानंतर आपलंच लेखन परक्याचं असल्यासारखं दिसतं आणि जादा झालेली पानं आपोआप डोळ्यांत भरतात. सलग लिहिणाऱ्याला ही नजर मिळत नाही.

राहता राहिला एक मोह. लग्नात माणसं जशी बोलतात तशी एरवी कधी बोलत नाहीत. विहीणबाईंनी ताट बाजूला कसं सारलं, मामांनी मद्रासी घडीचा फेटा बांधून घेताना काय ऐकवलं, वरातीत कोण कोणाला बघून मागे थांबलं, सगळं लिहून ठेवावंसं वाटतं. ठेवाच. रात्री निजण्याआधी वहीत चार शब्द टिपा; दुसऱ्या दिवशी ते आठवणार नाहीत. पण ती टिपणं चालू कादंबरीत घालू नका आणि पुढचं वर्षभर कशातच वापरू नका. सोयरे नवे असतात, पुस्तक हातात पडलं की आधी स्वतःचं नाव शोधतात, आणि नाव बदललं तरी फेटा ओळखतात. शिवाय ती वही लग्नाच्या हिशेबाच्या वहीपासून वेगळी ठेवा. हिशेबाची वही घरातले सगळे उघडतात.